मुंबईतील जर्मन शाळेची पूर्वपीठिका

मुंबईत जर्मन भाषेतून शिक्षण देणारी शाळा, 'डॉइच शूले बॉम्बे', १९६१ साली स्थापन झाली. या घटनेच्या आधी शंभराहून अधिक वर्षे पश्चिम भारतात जर्मनांचा वावर होता. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतील नामांकित कॅथलिक शाळा जर्मन धर्मगुरूंनी उभारल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन दोन दशकांहून अधिक काळ जर्मन पंडितांकडे होते. बायर या रसायने बनविणाऱ्या कंपनीने १८९६ मध्येच मुंबईत आपली शाखा उघडली होती. शाळा चालविण्याचे कौशल्य, विद्वत्ता आणि द्रव्य यांपैकी कोणत्याच गोष्टीची उणीव नव्हती. असे असता जर्मन मुलांसाठी जर्मन शाळा निघण्यास १९६१ साल का उजाडावे लागले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला म्हणजे परकीयांच्या शाळा कशाने उभ्या राहतात आणि कशाने मोडतात यावर बराच प्रकाश पडतो.

परदेशातील जर्मन शाळांची परंपरा फार जुनी आहे. कोपनहेगन येथील सेंट पेत्री शाळा १५७५ पासूनची आणि स्टॉकहोमची १६१२ पासूनची. या दोन्ही शाळा तेथील जर्मन चर्चच्या आश्रयाने वाढल्या. तेथे स्थायिक झालेल्या जर्मन व्यापाऱ्यांची व कारागिरांची मुले त्यांत शिकत. एकोणिसाव्या शतकात या मालिकेत लिस्बन (१८४८), इस्तंबूल (१८६८), कैरो (१८७३) आणि शांघाय (१८९५) यांची भर पडली. योकोहामाची शाळा १९०४ ची. १८७१ मध्ये जर्मनीचे एकीकरण झाल्यावर अशा शाळांना साहाय्य करण्यासाठी साम्राज्य सरकारने १८७८ पासून आपल्या अंदाजपत्रकात निराळी तरतूद केली. म्हणजे शांघाय आणि योकोहामा येथे जर्मन शाळा निघत होत्या त्या काळात मुंबई हे त्यांच्या तोडीचे बंदर असूनही यादीत नाही. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात होती आणि तेथे इंग्रजी शाळा उपलब्ध होत्या, हे याचे एक कारण सांगता येईल. परंतु ते पुरेसे नाही. लिस्बनमध्येही शाळा होत्याच. खरे कारण शोधावयाचे तर मुंबई इलाख्यात आलेले जर्मन कोण होते हे पाहावयास हवे.

त्यांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रभावी वर्ग जेझुइट धर्मगुरूंचा. पुण्याचे कार्यक्षेत्र १८५४ मध्ये व मुंबईचे १८५८ मध्ये जेझुइटांकडे आले आणि ही जबाबदारी त्या संघाच्या जर्मन प्रांताने उचलली. पुण्याची सेंट व्हिन्सेंट ही शाळा १८६७ मधली. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मधले. या संस्थांचे चालक, प्राचार्य आणि शिक्षक यांत जर्मन व स्विस नावांचीच गर्दी दिसते. तथापि या शाळांतून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते आणि ते तसे असणे अपरिहार्यच होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते. त्याच्या परीक्षा इंग्रजीत होत. सरकारी अनुदानाचे नियम त्या परीक्षांशी निगडित होते. आणि शिकावयास येणारी मुले गोव्याकडील व वसईकडील ख्रिस्ती, पारशी, हिंदू, मुसलमान अशी होती. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या शिक्षकांना स्वतःची मुले नव्हती. आपल्या भाषेत कोणाला शिकवावे असा प्रश्नच त्यांच्यापुढे उभा राहिला नाही.

यात आणखी एक चमत्कारिक गुंतागुंत होती, आणि ती जर्मनीच्या अंतर्गत राजकारणातून आली होती. बिस्मार्कच्या सरकारचा कॅथलिक चर्चशी जो संघर्ष झाला त्यात १८७२ साली जेझुइट संघावर जर्मनीत कायद्याने बंदी घालण्यात आली. संघाची जर्मन विद्यालये हॉलंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये हलवावी लागली, आणि हा कायदा पूर्णपणे रद्द होण्यास १९१७ साल उजाडावे लागले. तेव्हा १८७८ नंतर जर्मन सरकार ज्या काळात परदेशातील जर्मन शाळांना पैसा पुरवू लागले, त्याच काळात मुंबईत शाळा चालविणारे जर्मन हे आपल्या राष्ट्राने हद्दपार केलेले लोक होते. बर्लिनच्या तिजोरीतून त्यांच्यासाठी काही येण्याचा संभव नव्हता, आणि त्यांनाही मुंबईत जर्मन राष्ट्रीयत्वाचा झेंडा मिरविण्याचे कारण नव्हते. पहिले महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने मात्र त्यांची गणना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून केली. घरच्यांना नकोसे झालेले हे गुरुजन परक्यांच्या दृष्टीने पुरेपूर जर्मन ठरले.

दुसरा वर्ग पंडितांचा. त्यांची संख्या अल्प, पण महाराष्ट्राच्या विद्याजीवनावरील परिणाम मोठा. मार्टिन हौग हे १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्यास होते. त्यांच्यामागून फ्रांझ कीलहॉर्न आले आणि १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात राहिले. गेओर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रुजू झाले आणि पुढे गुजरातेत शिक्षणखात्याचे निरीक्षक म्हणून त्यांनी काम केले. ब्यूलर व कीलहॉर्न यांनी सुरू केलेली 'बॉम्बे संस्कृत सीरीज' आणि कीलहॉर्न यांनी सिद्ध केलेली पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती यांचे ऋण सर्वश्रुत आहे. परंतु हेही पंडित इंग्रजीतून शिकवीत आणि सेवा संपली की परत जात. कीलहॉर्न गटिंगेनला गेले, ब्यूलर व्हिएन्नाला. त्यांच्यामागे येथे राहिली ती ग्रंथसंपादनाची शिस्त, शाळा नव्हे.

या शिस्तीमुळेच पुढे उलट दिशेचा प्रवास सुरू झाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्माननीय पदवी दिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला, तोही जर्मनमध्ये. पांडुरंग दामोदर गुणे यांनी भाषाशास्त्राची पदवी लाइपझिगहून आणली. दिनकर धोंडो कर्वे यांनी त्याच विद्यापीठातून रसायनशास्त्राची. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनला होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२१ मध्ये, म्हणजे महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाच्या सहा वर्षे आधी, बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. ज्ञानकोशकार केतकर यांच्या पत्नी शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या एडिथ कोन, यांनी विंटरनित्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर केले व त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. मराठी विद्वानांचा जर्मन भाषेशी आलेला संबंध असा गाढ होता. पण यांपैकी एकही मराठी अभ्यासक जर्मन शाळेच्या बाकावर बसलेला नाही. त्यांनी ती भाषा प्रौढपणी, एखादा ग्रंथ वाचावयाचा किंवा प्रबंध लिहावयाचा म्हणून आत्मसात केली. जर्मन भाषा महाराष्ट्रात आली ती ग्रंथांच्या वाटेने. मुलांच्या वाटेने ती येण्यास आणखी अवकाश होता.

मुलांचा प्रश्न ज्यांच्यापुढे खरोखर उभा राहिला असा वर्ग एकच, तो म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा. कारण ते विवाहित असत. बाझेल मिशनने १८३४ मध्ये मंगळूर येथे काम सुरू केले आणि लवकरच त्यांची ठाणी तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड व हुबळी येथे पडली. या मिशनचे केंद्र स्वित्झर्लंडमध्ये असले तरी त्याचे बरेचसे कार्यकर्ते दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतातले होते. त्यांनी आपल्या ठाण्यांवर शाळा काढल्या, छापखाने काढले, कौलांचे कारखाने काढले. आपल्या मुलांसाठी मात्र त्यांनी शाळा काढली नाही. १८५३ मध्ये मिशनने असा नियम केला की मुले शिक्षणाच्या वयाची झाली म्हणजे, सुमारे सहाव्या वर्षी, त्यांना युरोपात पाठवावे. आणि त्यांच्यासाठी बाझेल येथे बालगृह चालविण्यात आले. आईबाप हिंदुस्थानात, मुले बाझेलला, आणि मधे कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास. पत्र जाऊन उलट उत्तर येईपर्यंत मुलाचे दात पडून नवे आलेले असत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या पद्धतीचे एक उदाहरण पुरेसे आहे. मल्याळम भाषेचे कोशकार हेरमान गुंडर्ट यांची कन्या मारी हिचा जन्म १८४२ मध्ये तलश्शेरी येथे झाला. नियम होण्यापूर्वीची ही गोष्ट. पण रीत तीच. आईबाप रजेवर युरोपात गेले आणि १८४६ मध्ये परत येताना मुलांना मागे ठेवून आले. मारी पुन्हा आईबापांजवळ आली ती १८५७ मध्ये, पंधराव्या वर्षी. जर्मन साहित्यात पुढे प्रसिद्धीस आलेले हेरमान हेसे हे या मारीचे पुत्र. हेसे यांच्या लेखनातील हिंदुस्थानच्या ओढीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या ओढीच्या मागे एका मुलीचे अकरा वर्षांचे पोरकेपण आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो.

मुलांना दूर पाठविण्यामागे केवळ हवामानाची भीती नव्हती. हिंदुस्थानी दाईच्या हाती वाढलेले मूल मल्याळम किंवा कानडी आधी बोलू लागे व जर्मन नंतर. ते स्वदेशाला परके होईल ही धास्ती मोठी होती. शाळा मुलाकडे न्यावयाची की मूल शाळेकडे, या दोन पर्यायांपैकी मिशनने दुसरा पत्करला. इंग्रज राज्यकर्तेही मुलांना विलायतेस पाठवीत. परंतु त्यांना दुसरीही सोय होती. बाणकोटच्या खाडीने दासगाव-महाडपर्यंत यावे, सवच्या उष्ण झऱ्यांचा परिसर मागे टाकावा आणि पोलादपूरवरून घाट चढून महाबळेश्वरास जावे, ही मुंबईच्या युरोपीयांची एक जुनी वाट होती. त्याच डोंगरमाथ्यावर पाचगणीस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपीय मुलामुलींच्या निवासी शाळा निघू लागल्या. थंड हवा, इंग्रजी भाषा, विलायती परीक्षा आणि आईबाप एका दिवसाच्या अंतरावर! राज्यकर्त्या समाजाला जे साधले ते मूठभर जर्मनांना साधणे शक्य नव्हते.

व्यापाऱ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. विंटरटूर व मुंबई येथे १८५१ मध्ये एकाच वेळी स्थापन झालेली फोल्कार्ट बंधूंची स्विस पेढी काय, किंवा पुढच्या काळातील जर्मन रंगद्रव्यांच्या कंपन्या काय, त्यांचा युरोपीय नोकरवर्ग बहुधा तरुण व अविवाहित असे. संसार मांडण्याची वेळ आली की हे लोक परतत किंवा मुले मोठी होताच त्यांना परत पाठवीत.

१९१४ साली युद्ध सुरू झाले आणि हा सगळा डाव विसकटला. जर्मन पुरुषांना अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. १९१५-१६ मध्ये अनेक मिशनऱ्यांना त्यांच्या कुटुंबांसह 'गोलकोंडा' या जहाजाने युरोपास रवाना करण्यात आले. मुंबईचे जर्मन आर्चबिशप हेरमान युर्गेन्स १९१६ मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या जागी इंग्रज जेझुइट आल्बन गुडियर यांची नेमणूक होण्यास १९१९ साल उजाडले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात पुढे स्पेनमधील जेझुइट आले. इतिहाससंशोधक फादर हेरास हे त्यांच्यापैकीच, १९२२ मध्ये मुंबईत आलेले. मात्र जर्मन माणसे गेल्यामुळे या शाळा बंद पडल्या नाहीत. त्यांचे माध्यम इंग्रजी होते आणि विद्यार्थी येथले होते; शिक्षक बदलले, शाळा राहिली. परदेशातील जर्मन शाळांच्या वाट्याला दोन्ही महायुद्धांत जे आले त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. शत्रुराष्ट्रांच्या ताब्यातील मुलखात जर्मन माध्यमाच्या शाळांना टाळे लागले, इमारती जप्त झाल्या. जी शाळा एका राष्ट्राच्या भाषेवर उभी असते ती त्या राष्ट्राच्या युद्धाबरोबर पडते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान मुंबईत जर्मन भाषा बोलणारी दोन परस्परविरुद्ध प्रकारची माणसे एकाच वेळी राहत होती. मालाड येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन, छायाचित्रकार योझेफ वीर्शिंग आदी मंडळी करारावर आली होती. दुसरीकडे, नाझी राजवटीमुळे परागंदा झालेले ज्यू व त्यांचे आप्त आसरा शोधीत येत होते. संगीतकार वाल्टर काउफमान यांनी मुंबई नभोवाणी केंद्रावर युरोपीय संगीताचा विभाग सांभाळला. चित्रकार वाल्टर लांगहामर व कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांचा मुंबईच्या नव्या चित्रकारांवर झालेला परिणाम सुविदित आहे. घरात जर्मन बोलणारी कुटुंबे शहरात असूनही त्यांच्यासाठी जर्मन शाळा उभी राहण्यासारखी परिस्थिती नव्हती. ज्याला परत जावयाचेच नाही, किंबहुना जेथे परत जाणे म्हणजे मृत्यू, त्या निर्वासिताने आपल्या मुलाला जर्मन प्रमाणपत्र कशासाठी मिळवून द्यावे? त्याला मुलाचे भवितव्य इंग्रजीत दिसत होते. परकीयांच्या शाळेला घरात आईबापांजवळ राहणारी मुले लागतात, तसाच परतीचा दरवाजाही उघडा असावा लागतो. जर्मन मिशनऱ्यांना परतीची वाट होती, पण मुले जवळ नव्हती. निर्वासितांजवळ मुले होती, पण परतीची वाट नव्हती.

हे दोन्ही घटक महाराष्ट्रात प्रथम एकत्र आले ते अत्यंत विपरीत परिस्थितीत. १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच जर्मन पुरुषांची धरपकड झाली. अहमदनगर, देवळाली आणि अखेर देहरादून असा त्यांचा छावण्यांचा प्रवास झाला. वीर्शिंग यांनाही स्थानबद्धता भोगावी लागली. कुटुंबांसाठी जी स्थळे निवडण्यात आली त्यांत पुरंदर आणि सातारा ही होती. १६६५ च्या तहाने इतिहासात अमर झालेला पुरंदर इंग्रजी अमदानीत लष्कराचे आरोग्यधाम म्हणून वापरला जात होता. तेथील बराकींत आता जर्मन भाषिक स्त्रिया, मुले आणि काही पुरुष राहू लागले. त्यांत निरनिराळ्या मिशनांच्या मिशनऱ्यांची कुटुंबे होती, व्यापाऱ्यांची होती, आणि कागदोपत्री जर्मन ठरलेल्या निर्वासितांनाही स्थानबद्धतेची झळ लागली होती. नाझी पक्षाचा सहानुभूतिदार आणि त्या पक्षाच्या भीतीने पळालेला, या दोघांकडे एकच पारपत्र असल्याने सरकारदरबारी त्यांना एकाच मापाने मोजले जाण्याचा प्रसंग वारंवार आला.

युद्ध लांबत गेले तसा मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न अटळ झाला. ज्या मुलांना एरवी सहाव्या-सातव्या वर्षी जहाजावर चढविले असते ती आता आईबापांजवळ अडकून पडली होती. समुद्र बंद होता. छावणीतील शिकलेल्या स्त्रीपुरुषांनी त्यांचे शिक्षण आपसांत चालविले. शिक्षक मिळण्यास अडचण नव्हती, कारण मिशनरी हा बहुधा अध्यापनाचा अनुभव असलेलाच माणूस. अडचण होती ती पुस्तकांची, आणि त्याहूनही शिकवावयाचे काय याची. युद्ध संपल्यावर मुले कोणत्या जर्मनीत जाणार, तेथे कोणती शाळा उरलेली असेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही मुलांना शुद्ध जर्मन लिहितावाचता यावे हा आग्रह सोडला गेला नाही. शंभर वर्षे विद्वान, श्रीमंत आणि स्वतंत्र जर्मनांनी जे केले नाही ते किल्ल्यावरच्या आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या या बंदिवान कुटुंबांनी केले. त्यांची शाळा सक्तीच्या मुक्कामाची होती. १९४६ मध्ये बहुसंख्य मंडळींना जर्मनीस परत नेण्यात आले तेव्हा ती आपोआप संपली.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास निराळ्या पायावर उभा आहे. भारत आणि पश्चिम जर्मनी यांचे राजनैतिक संबंध १९५१ मध्ये प्रस्थापित झाले. पुढच्या दशकात भारताच्या औद्योगिक योजनांत पश्चिम जर्मनीचा मोठा वाटा होता. रूरकेला येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. मुंबई हे या व्यवहाराचे व्यापारी केंद्र. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झाले. सीमेन्सची भारतीय कंपनी १९५७ मध्ये नोंदली गेली. हांबुर्गकडील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पोने १९५८ मध्ये गोरेगाव येथे तीनचाकी मालमोटारींचे उत्पादन हाती घेतले. पंप बनविणारी के. एस. बी. ही कंपनी १९६० मध्ये पिंपरीस आली. या कामांसाठी जे अभियंते, फोरमन व व्यवस्थापक आले ते पूर्वीच्या कारकुनांसारखे अविवाहित तरुण नव्हते. ते मध्यमवयीन, संसारी, ठरावीक मुदतीच्या करारावर आलेले आणि करार संपताच परत जाणारे होते. मुले बरोबर होती आणि परतीची तारीखही ठरलेली होती. १९६१ साली शाळा निघाली ती या दोन गोष्टी जुळल्यामुळे.

जर्मन कुटुंबाने मुंबईतील एखाद्या चांगल्या इंग्रजी शाळेत मूल का घालू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जर्मन शिक्षणपद्धतीच्या रचनेत आहे. तेथे प्राथमिक शाळा चार वर्षांची असते आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाची वाट ठरते: विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियम, मधल्या दर्जाची रेआलशूले किंवा व्यवसायाकडे वळविणारी शाळा. या वळणावर ज्या मुलाचे जर्मन लेखन कच्चे असेल त्याची पुढची दहा वर्षे बदलतात. तेव्हा आठव्या-नवव्या वर्षी तीन वर्षे मुंबईत घालविणे ही साधी बाब नव्हती. बापाच्या कराराची किंमत मुलाला मोजावी लागण्याचा धोका होता. त्यातून जर्मनीत शिक्षण हा घटक राज्यांचा विषय असल्याने बव्हेरियाचा अभ्यासक्रम हांबुर्गला चालत नसे. शालेय वर्षाचा आरंभही १९६० च्या दशकात बहुतेक राज्यांत ईस्टरच्या सुमारास होई. १९६४ च्या हांबुर्ग करारानंतर १९६६-६७ मध्ये दोन तोकडी वर्षे घेऊन तो उन्हाळ्याच्या अखेरीस नेण्यात आला. मुंबईच्या शाळा पावसाबरोबर जूनमध्ये उघडतात. कोणत्याही महिन्यात मूल हलविले तरी कोठे तरी अर्धे वर्ष बुडावयाचेच.

अशा शाळांची घटना सामान्यतः पुढीलप्रमाणे असते. स्थानिक जर्मन रहिवाशांची, विशेषतः पालकांची, संस्था शाळेची मालक असते. फी आणि कंपन्यांच्या देणग्या यांवर तिचा डोलारा उभा असतो. जर्मन सरकार काही अनुदान देते आणि तेथील सरकारी सेवेतील शिक्षकांना रजा मंजूर करून पाठविते. पाठविलेल्या शिक्षकाची पहिली नेमणूक तीन वर्षांची असते आणि ती काही मर्यादेपर्यंत वाढविता येते. हे सर्व काम पाहणारे मध्यवर्ती कार्यालय १९६८ मध्ये स्थापन झाले. अभ्यासक्रम व परीक्षा यांना जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेची मान्यता लागते. म्हणजे विद्यार्थी तीन वर्षांनी जातो, पालक म्हणून संस्थेचे सभासद असलेलेही त्याच सुमारास जातात आणि शिक्षकही जातात. टिकून राहतात ते कार्यालयातील, बसगाड्यांवरील आणि दारावरील भारतीय कर्मचारी. शाळेची खरी स्मृती त्यांच्याजवळच असणार. वार्षिक अहवालांत तिचा मागमूस मिळणे कठीण.

परदेशातील जर्मन शाळांत दोन जाती स्पष्ट दिसतात. लिस्बन, इस्तंबूल, कैरो येथील शाळांत तेथल्या देशाची मुले मोठ्या संख्येने शिकतात व दोन्ही देशांच्या परीक्षा देतात. १९७८ मध्ये पश्चिम जर्मन सरकारने आखलेल्या धोरणात अशा, दोन समाजांची गाठ घालून देणाऱ्या शाळांना अग्रक्रम देण्यात आला. मुंबईची शाळा दुसऱ्या जातीची: तात्पुरत्या मुक्कामाला आलेल्या तज्ज्ञांच्या मुलांसाठी काढलेली. त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. महाराष्ट्रात जर्मन शिकणारे मराठी विद्यार्थी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठात आणि माक्स म्युलर भवनात शेकड्यांनी होते, आणि जर्मन माध्यमाची शाळा मुंबईत होती. पण या दोहोंचा एकमेकांशी फारसा संबंध येण्याचे कारण नव्हते. ज्यांना भाषा हवी होती त्यांना शाळा नको होती, आणि ज्यांची शाळा होती त्यांना ती भाषा शिकावयाची नव्हतीच, केवळ विसरावयाची नव्हती. भारतीय शाळांतून जर्मन रुजविण्याचा मोठा प्रयत्न फार पुढचा. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालयांत ती तिसरी भाषा म्हणून आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, शालेय वर्षाच्या मध्येच, तिच्या जागी संस्कृत ठेवण्याचा निर्णय झाला. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांच्या भाषेला संस्कृतसाठी जागा सोडावी लागली, यातील विनोद त्या दोघांना नक्कीच कळला असता.

जर्मन माध्यमाला खरा शह मात्र संस्कृतने किंवा हिंदीने दिला नाही. तो इंग्रजीने दिला. १९९१ नंतर जर्मन उद्योगांचा ओघ पुण्याकडे वळला. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली. फोक्सवागनचा चाकण येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. १९६० च्या मानाने जर्मन कुटुंबे आता पुण्यात येऊ लागली होती आणि तेथे त्यांच्या मुलांसाठी शाळाही निघाली: हिंजवडी येथील मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल, १९९८. नाव जर्मन कंपनीचे, पण शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आणि परीक्षा जिनीव्हा येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या. हा निर्णय व्यवहाराला धरूनच होता. अभियंत्याची बदली आता पुण्याहून श्टुटगार्टलाच होईल असे नव्हते; ती शांघायला किंवा दक्षिण आफ्रिकेतही होऊ शकत होती. ज्या मुलाचे 'परत जाणे' एका गावाला बांधलेले नाही त्याला एका देशाचे प्रमाणपत्र अपुरे पडते. आणि इंग्रजी माध्यमामुळे इतर देशांची व सधन भारतीय कुटुंबांची मुलेही घेता येतात, ज्यांच्याशिवाय शाळेचा खर्च भागत नाही. मुंबईच्या शाळेतही पुढे इंग्रजी माध्यमाचा विभाग निघाला आणि ती डी. एस. बी. इंटरनॅशनल स्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ जर्मन नाव त्या तीन अक्षरांत मिटून राहिले. हिंजवडीच्या शाळेचे नावही कालांतराने बदलले, आणि ती महिंद्र इंटरनॅशनल स्कूल झाली.